जाईबाईंची गाठ आणि माझी दोन चित्रं

मित्रांनो, मी एक जुना एमआरआय आहे. मशीन म्हणा, यंत्र म्हणा, नाहीतर इथे येणारी निम्मी माणसं म्हणतात तसं 'तो मोठा ढोल' म्हणा, मला राग येत नाही. म्हणजे येतो, पण थोडाच. रत्नागिरीत समुद्राकडे उतरणाऱ्या एका रस्त्यावर ट्रस्टचं रुग्णालय आहे. त्याच्या तळमजल्यावर, खिडकी नसलेल्या खोलीत माझा मुक्काम असतो. पुढच्या वर्षी माझ्या जागी नवं यंत्र येणार, असं कानावर आलं आहे. जाण्याआधी तुम्हाला एक गोष्ट सांगायची आहे, म्हणून हा खटाटोप. एरवी माझं बोलणं म्हणजे नुसता ठणठणाट.

माझा जन्म परदेशातल्या एका थंड गावात, मोठ्या कारखान्यात झाला. माझ्या पोटात तारेची भलीमोठी गुंडाळी आहे. ती कायम थंड राहावी म्हणून तिच्याभोवती हेलियम भरलेलं असतं. ही थंडी अशी, की तिच्यापुढे बर्फसुद्धा ऊबदार वाटावा. त्या गुंडाळीमुळे मी एक प्रचंड चुंबक झालो. माझे दिवे बंद करतात, माझा पंखा बंद करतात, पण चुंबक कधीच बंद होत नाही. मी झोपलो तरी ते जागंच असतं.

बोटीतून मी मुंबईला आलो आणि एका मोठ्या रुग्णालयात उभा राहिलो. काय ते कौतुक माझं! डॉक्टर मंडळी रांगेनं मला पाहायला येत. फोटो निघाले, पेढे वाटले गेले. मीही जरा फुगलो होतो, खोटं कशाला बोलू. मग काही वर्षांनी शेजारच्या खोलीत माझ्याहून रुंद तोंडाचा, कमी आवाजाचा एक नवा एमआरआय आला. हळूहळू सगळे तिकडे वळले. माझ्यावर प्लॅस्टिक टाकलं गेलं. प्लॅस्टिकखाली पडून राहण्याइतकं वाईट काही नाही. कुणी शिव्या दिल्या असत्या तरी बरं वाटलं असतं.

त्या अडगळीतून मला बाहेर काढलं ते रत्नागिरीच्या या ट्रस्टनं. ट्रेलरवर बसून मी घाट उतरलो. इथे आल्यावर कळलं, की मी दारातून आत जातच नाही. मग जांभ्याच्या चिऱ्यांची भिंत फोडली, मला आत ढकललं आणि भिंत पुन्हा बांधली. खोलीला आतून तांब्याचे पत्रे ठोकले, कारण बाहेरच्या लहरी आत आल्या की माझं चित्र बिघडतं. तेव्हापासून मी इथेच आहे. आंब्याच्या फांदीवरून पडलेल्यांच्या पाठी मी पाहिल्या, जाळी ओढून दुखावलेले खांदे पाहिले, कबड्डीत मुरगळलेले गुडघे तर मोजता येणार नाहीत इतके.

एकदा दसऱ्याला माझी पूजा करायचं ठरलं. नव्यानं आलेल्या एका बाईंनी स्टीलचं ताट सजवलं, नारळ ठेवला, फुलं ठेवली आणि त्या हौसेनं आत शिरल्या. पुढच्या क्षणी ताट त्यांच्या हातातून उडालं आणि खाडकन माझ्या तोंडावर येऊन चिकटलं. नारळ एकीकडे, हळदकुंकू सगळीकडे. ताट काढायला चार माणसं लागली. कुणाला लागलं नाही, हे नशीब. तेव्हापासून माझी पूजा दाराबाहेरच होते, आणि मला तेच पसंत आहे.

या गमतीत एक कामाची गोष्ट आहे, ती नीट ऐका. मला माणसाच्या अंगातलं पाणी दिसतं. आपलं शरीर पाण्यानं भरलेलं असतं ना? चुंबकाच्या जोरावर त्या पाण्याला मी हलवतो आणि ते काय उत्तर देतं त्यावरून आतलं चित्र काढतो. पण जवळपास लोखंड असलं की पाण्याचं उत्तर मला ऐकू येत नाही. त्या जागी चित्रात काळोख होतो. हा माझा दोष आहे, असंच सगळे म्हणत. मग डॉक्टर मृणाली आल्या आणि त्याच दोषाचा त्यांनी उपयोग करून घेतला.

डॉक्टर मृणाली कर्करोगाच्या डॉक्टर. त्यांच्याकडे येणाऱ्या काही रुग्णांना एक नव्या तऱ्हेचं औषध देतात. ते औषध स्वतः कर्करोगाला मारत नाही. आपल्या अंगात राखण करणाऱ्या पेशी असतात, त्यांना आपण राखणदार म्हणू. कर्करोग या राखणदारांच्या डोळ्यांत धूळ फेकतो आणि निवांत वाढत बसतो. औषध त्यांच्या डोळ्यांतली धूळ काढतं. मग राखणदार धावून जातात आणि रोगाला घेरतात. याला इम्युनोथेरपी म्हणतात. नाव अवघड आहे, काम सोपं आहे.

पण यात एक मोठी अडचण आहे. राखणदारांची गर्दी झाली की गाठ सुजते, मोठी दिसते. आणि औषध लागू न पडता रोग वाढला, तरीही गाठ मोठीच दिसते. हाताला दोन्ही सारखंच लागतं. मग औषध चालू ठेवायचं की थांबवायचं? या एका प्रश्नावर माणसाचा जीव टांगलेला असतो.

त्यासाठी डॉक्टर मृणालींनी एक अभ्यास सुरू केला. लोखंडाचे अतिशय बारीक कण असतात, त्यांना नॅनोकण म्हणतात. साखरेसारख्या पदार्थाचं वेष्टण घातलेले हे कण शिरेतून अंगात सोडतात. राखणदारांमध्ये काही पेशी भारी खादाड असतात. दिसेल ते गिळतात. त्या हे कणही गिळतात. मग दुसऱ्या दिवशी जिथे या खादाड पेशी जमलेल्या असतील, तिथे माझ्या चित्रात काळोख दिसतो. म्हणून मी दोन चित्रं काढायची, एक कण देण्याआधी आणि एक दुसऱ्या दिवशी. दुसऱ्या चित्रात नवा काळोख दिसला, तर राखणदार पोचले. नाही दिसला, तर नाही पोचले.

ही दोन चित्रं ताडून बघायला संगणकात एक प्रोग्रॅम बसवला आहे. त्याला मी शिकाऊ म्हणतो. मोठमोठ्या शहरांतल्या रुग्णांच्या शेकडो चित्रांवरून तो शिकला. कुठल्या गाठीत राखणदार होते, कुठल्यात नव्हते, हे त्याला आधी दाखवलं, मग तो आपलं आपण ओळखू लागला. हुशार आहे, यात वादच नाही. माणसाच्या डोळ्याला न दिसणारी छटा त्याला दिसते. सगळं बघून झालं की पडद्यावर एक पट्टी उमटते. हिरवी म्हणजे औषध लागू पडतंय, तांबडी म्हणजे नाही. त्याची एक खोड मात्र मला पहिल्या दिवसापासून खटकत होती. 'मला माहीत नाही' हे वाक्य त्याला येतच नव्हतं.

आता जाईबाईंबद्दल सांगतो.

जाईबाई लांज्याच्या आतल्या बाजूच्या एका वाडीतल्या. साठी ओलांडलेली, अंगानं काटकुळी, बोलायला गोड. सोबत त्यांचे यजमान गंगाराम. मुलगा निलेश मुंबईत कामाला, तो फोनवरून चौकशी करायचा. जाईबाईंच्या टाचेवर काळा डाग आला होता. उभा जन्म सड्याच्या कातळावर अनवाणी चाललेली बाई, काटा मोडला असेल म्हणून तिनं बरेच दिवस दुर्लक्ष केलं. तो कर्करोग निघाला. टाचेची शस्त्रक्रिया झाली, पण रोग जांघेतल्या गाठीत पोचला होता. डॉक्टर मृणालींनी नवं औषध सुरू केलं. काही डोस झाले आणि गाठ लहान व्हायच्या ऐवजी सुजली.

माझ्या खोलीबाहेर एक बाकडं आहे. दार उघडं असलं की तिथलं सगळं मला ऐकू येतं. डॉक्टर दोघांच्या समोर स्टूल ओढून बसल्या.

"मावशी, गाठ वाढलीय. याचे दोन अर्थ होऊ शकतात. एक म्हणजे आजार वाढतोय. तसं असेल तर हे औषध थांबवावं लागेल, आणि दुसरं फारसं काही आपल्या हातात नाही. दुसरा अर्थ असा, की तुमच्याच अंगातले राखणदार तिथे जमलेत, म्हणून सूज आहे. तसं असेल तर औषध मुळीच सोडायचं नाही."

"मंग ता कसा कळायचा?" गंगारामांनी विचारलं.

"दोन चित्रं काढून."

"आमी देवीकडं कौल लावला व्हता," जाईबाई म्हणाल्या. "उजवा दिलान, म्हंजे चांगला."

"बरं झालं. आता आमच्याकडचाही बघू," डॉक्टर म्हणाल्या. त्या हसल्या, पण डोळ्यांत काळजी होती.

मला चालवते ती दीक्षा. ती पाली गावची. माझ्या सगळ्या कुरकुरी तिला माहीत आहेत. तिनं नेहमीप्रमाणे विचारलं, "काकी, अंगावर लोखंडाचं काही आहे? पिन, ताईत, कंबरेचा दोरा? अंगात कुठे पट्टी, स्क्रू बसवलाय?"

"न्हाय गो बाय. मंगळसूत्र ह्यांच्याकडं दिलंय."

दीक्षानं तपासणीची कांडी अंगावरून फिरवली. ती वाजली नाही. जाईबाईंनी रुग्णालयाचा गाऊन लाजत लाजत घातला आणि माझ्या पाटावर आडव्या झाल्या. माझा ठणठणाट सुरू झाला तशी त्यांनी डोळे मिटले आणि देवीचं नाव घ्यायला लागल्या. मी पहिलं चित्र काढलं. गाठीची वरची कड त्यातच काळवंडलेली दिसत होती. गाठीत जुनं रक्त साकळलं की असं दिसतं, म्हणून दीक्षानं तशी नोंद केली. मग शिरेतून नॅनोकण दिले.

दुसऱ्या दिवशी दोघं वेळेवर आली. रात्री शहरातल्या बहिणीकडे राहिली होती.

"काकी, आज साबणाचा काय घमघमाट!" दीक्षा म्हणाली.

"भैनीच्या सुनेनं न्हाऊ घातलान," जाईबाई म्हणाल्या आणि का कोण जाणे, ओशाळल्या.

मी दुसरं चित्र काढलं. शिकाऊनं दोन्ही चित्रं एकावर एक ठेवली, पहिल्यातला काळोख दुसऱ्यातून वजा केला आणि बघितलं, नवा काळोख किती. नवा काळोख काहीच नव्हता. उलट कडेचा थोडा कमीच झालेला. पडद्यावर पट्टी उमटली. तांबडी. या टोकापासून त्या टोकापर्यंत तांबडी.

डॉक्टर मृणालींनी दोन्ही चित्रं पुन्हा उघडून पाहिली. त्यांनी मुंबईच्या एका जाणत्या डॉक्टरांना चित्रं पाठवली. त्यांचंही म्हणणं पडलं, की पट्टी इतकी स्पष्ट असताना वेळ घालवू नये, औषध थांबवावं. दोन दिवसांवर जाईबाईंचा पुढचा डोस होता. डॉक्टरांनी दोघांना बोलावून घेतलं.

ते बोलणं ऐकताना मला माझ्या पंख्याचीही घरघर नकोशी झाली. डॉक्टरांनी काही लपवलं नाही. औषध लागू पडत नाहीये, असं चित्रं सांगतात, हा डोस आपण देणार नाही, दुखू नये म्हणून जे जे करता येईल ते सगळं करू, असं त्यांनी हळूहळू सांगितलं. गंगाराम नुसते मान हलवत होते. त्यांच्या मांडीवर एक कापडी पिशवी होती, तिचा बंद ते बोटाला गुंडाळत होते आणि सोडत होते. जाईबाई मात्र शांत होत्या. आपल्याला काय ऐकावं लागणार, हे त्या घरूनच ठरवून आल्या असाव्यात.

त्यांनीच विचारलं, "मंग आता परत ह्या मशीनीत जायचा न्हाय ना?"

"नाही, मावशी. आता गरज नाही."

"मंग लेप लावला तर चालंल? वाईच थंड वाटता."

"कसला लेप?"

जाईबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. गंगाराम जमिनीकडे बघायला लागले.

"हसशाल तुमी," जाईबाई म्हणाल्या.

"नाही हसणार. सांगा."

"अवधाण आला की आमी कावीचा लेप लावताव. हे रोज सांजचे सहाणेवर काव उगाळतात न् लावतात. गाठ सुजली तवापासून. पयल्या दिवशी घाईत लुगड्यानं पुसला न् तशीच आलू. भैनीची सून बघून हसली. म्हणली, अशा लाल होऊन दवाखान्यात जातात काय? तिनं दुसऱ्या दिवशी घासून धुतलान."

मित्रांनो, पायाला जखम झाली की जांघेत गाठ येते, तिला आपल्याकडे अवधाण म्हणतात. आणि काव म्हणजे ती लाल माती, जिनं घराच्या भिंतीला पट्टे ओढतात. सुजेवर ती उगाळून लावायची, हे वाडीवस्तीत पूर्वीपासून चालत आलं आहे. जाईबाईंना कर्करोग झाला, हे गंगारामांना माहीत होतं. पण कर्करोगावर काय करायचं, ते त्यांना माहीत नव्हतं. अवधाणावर काय करायचं, ते माहीत होतं. म्हणून ते रोज संध्याकाळी सहाण घेऊन बसत.

डॉक्टर हसल्या नाहीत. त्या एकदम ताठ झाल्या. "पहिल्या दिवशी लेप होता. दुसऱ्या दिवशी नव्हता. असंच ना?"

"व्हय."

"काका, आधी का नाही सांगितलंत?" आवाजात राग नव्हता.

गंगाराम पहिल्यांदाच मोठं वाक्य बोलले. "टाचंवर बी लावला व्हता. तवा आदीच्या येका डाक्टरनं चार माणसांत हसलान. म्हणला, भिंत सारवतायसा काय? त्यापासून आमी कुनाला सांगत न्हाय."

"तुमच्याकडे आहे ती काव?"

त्यांनी पिशवीतून कागदात बांधलेला लालभडक खडा काढला. डॉक्टरांनी दीक्षाला हाक मारली. दीक्षानं सलाईनची एक प्लॅस्टिकची बाटली आणली. आधी तिचं नुसतंच चित्र काढलं. पांढरीस्वच्छ बाटली दिसली. मग गंगारामांनी वाटीत काव उगाळून दिली, दीक्षानं बाटलीच्या एका बाजूला तिचा लेप दिला, तो वाळू दिला आणि बाटली पुन्हा माझ्या पोटात सरकवली. काम सुरू होताच मला कळून चुकलं. लेपाच्या बाजूनं बाटलीचं पाणी मला दिसेना. तिथे काळा खड्डा पडला होता, अगदी जाईबाईंच्या गाठीच्या कडेसारखा.

आपल्या रत्नागिरीची माती लाल का, हे शाळेत शिकवलं असेल. तिच्यात लोखंड असतं. ते कांडीला वाजत नाही, ताटासारखं उडून मला चिकटत नाही, पण माझ्या चित्रात काळोख करायला तेवढं पुरतं. दीक्षानं विचारलं होतं, अंगावर लोखंडाचं काही आहे का? जाईबाईंनी सांगितलं, नाही. त्या खोटं बोलल्या नव्हत्या. मातीला कुणी लोखंड म्हणतं का?

आता हिशेब सरळ झाला. पहिल्या चित्रातला काळोख लेपाचा होता. दुसऱ्या चित्रातला, त्याच कडेचा काळोख राखणदारांचा असू शकत होता. शिकाऊनं एकातून दुसरा वजा केला आणि हाती शून्य आलं. बिचाऱ्याचा तरी काय दोष? शहरांतल्या ज्या चित्रांवरून तो शिकला, त्यांतल्या कुणाच्या नवऱ्यानं काव उगाळली नव्हती. जे कधी पाहिलं नाही, ते समोर आल्यावर थांबावं, एवढं त्याला कुणी शिकवलं नव्हतं. त्यानं ठासून उत्तर दिलं आणि आम्ही सगळ्यांनी ते ऐकलं.

पण लगेच आनंद करायची सोय नव्हती. पट्टी चुकली, एवढंच कळलं होतं. औषध लागू पडतंय, असं काही सिद्ध झालं नव्हतं. खरं काय ते बघायचं तर आधीचे कण अंगातून जाईपर्यंत काही आठवडे थांबून दोन्ही चित्रं नव्यानं काढायला हवी होती. आणि मधला डोस? तो द्यायचा की नाही? रोगच वाढत असेल तर तो डोस फुकट, वर त्रास. राखणदार जमले असतील तर तो चुकवणं म्हणजे त्यांना अर्ध्यावर सोडणं.

डॉक्टर मृणालींनी मुंबईला पुन्हा फोन केला, सगळं सांगितलं. मग जाईबाईंनाही दोन्ही बाजू समजावल्या आणि विचारलं, "तुम्हाला काय वाटतं?"

"तुमच्या जागी तुमची आय असती तर?" जाईबाईंनी उलट विचारलं.

डॉक्टर म्हणाल्या, "तर दिला असता."

"मंग द्या."

दोघं बाहेर गेल्यावर डॉक्टर दीक्षाला म्हणाल्या, "चुकले तर फार वाईट वाटेल गं." दीक्षानं त्यांच्यासाठी चहा मागवला. त्याहून जास्त तिला तरी काय करता येणार होतं?

सगळ्यात वाईट हाल झाले ते गंगारामांचे. डोसच्या दिवशी ते बाकड्यावर बसून होते. डॉक्टर जवळून जाताना उठून उभे राहिले आणि म्हणाले, "माझ्याच हातानं तिचा औषध बंद व्हनार व्हता." एवढा उंच माणूस, पण लहान मुलासारखा रडला.

डॉक्टरांनी त्यांना खाली बसवलं. "काका, तुम्ही रोज संध्याकाळी त्यांच्याजवळ बसता, त्यांना हात लावता, हे मी औषधात धरते. ते थांबवू नका. फक्त काव नको. खोबरेल तेल घ्या आणि पाय चोळून द्या. आणि काहीही लावलंत, काहीही खायला दिलंत, कुणाचा अंगारा लावलात, तरी मला सांगा. मी हसणार नाही. कुणी हसलं तर मला सांगा."

काही आठवडे गेले. मी माझं रोजचं काम करत होतो, पाठी, गुडघे, डोकी. पण कुणाची जांघ समोर आली की मला जाईबाई आठवत. आम्हाला आठवण नसते, असं तुम्हाला वाटत असेल तर तो तुमचा समज आहे.

मग त्या आल्या. दीक्षानं आधी सगळं विचारलं, या वेळी तेल, लेप, हळद, अंगारा, एकेक नाव घेऊन. एवढंच नाही, तर परवानगी घेऊन पडद्याआड ओल्या कापडानं जागा स्वतः पुसली. पहिलं चित्र स्वच्छ आलं. गाठ नितळ दिसत होती, कडेला काळं काही नाही. कण दिले. दुसऱ्या दिवशी जाईबाई पुन्हा माझ्या पोटात शिरल्या. मी त्या दिवशी जीव तोडून काम केलं. माझं हेलियम कमी झालेलं, माझा एक भाग गरम होत होता, पण एकही रेघ मी हलू दिली नाही.

चित्र उमटायला लागलं आणि मला गाठीच्या आत काळोख दिसला. कडेला नव्हे, आत, खोलवर. ठिकठिकाणी, दाट. राखणदार पोचले होते. मागच्या खेपेला ते कडेलाच, लेपाच्या काळोखाआड असणार, आता त्यांनी गाठ भरून टाकली होती. शिकाऊनं पट्टी दाखवली, हिरवी. पण त्याच्याआधीच डॉक्टर मृणालींनी तोंडावर हात धरला होता. दीक्षा काचेपलीकडून आत आली, जाईबाईंना बाहेर घेतलं आणि त्यांचा हात धरून उभी राहिली.

"काय गो, रडतंस कशाला? वाईट हाय काय?"

"नाही काकी. चांगलं आहे."

बाहेर गंगारामांना सांगितलं, तेव्हा त्यांनी आधी निलेशला फोन लावला. फोन लागताच त्यांनी तो जाईबाईंच्या हातात दिला आणि त्या मुलाला म्हणाल्या, "औषध चालू हाय रे. मी बी हाय."

औषध चालू राहिलं. गाठ आधी सुजलेलीच राहिली, मग हळूहळू उतरली. आता माझ्या चित्रात तिला शोधावं लागतं. रोग पुरता गेला, असं डॉक्टर अजून म्हणत नाहीत आणि मीही म्हणणार नाही. पण जाईबाई घरच्या अंगणात काजू वाळत घालतात आणि तपासणीला येताना दीक्षासाठी ओले काजूगर घेऊन येतात.

शिकाऊलाही त्यानंतर पुन्हा शिकवलं गेलं. पहिल्याच चित्रात कातडीजवळ काळं दिसलं तर तो आता पिवळी पट्टी दाखवतो आणि लिहितो, 'रुग्णाला विचारा'. मला हे फार आवडलं. इतक्या शहाण्या पोराला अखेर नम्रपणा आला. लोकही आता मोकळेपणानं सांगतात. एकानं बिब्बा घातल्याचं सांगितलं, एका आजोबांनी कसलंसं काळं मलम दाखवलं, एका आजींनी तर नातवानं पाठीवर काढून दिलेली शाईची फुलं दाखवली. दीक्षा सगळं लिहून घेते, पुसायचं ते पुसते आणि मगच मला चालू करते.

मित्रांनो, माझे दिवस आता थोडे उरले आहेत. माझा थंडपणा टिकत नाही, सुटे भाग मिळत नाहीत, पावसाळ्यात खोलीत ओल येते आणि मी दोनदोन दिवस बंद असतो. एक दिवस पुन्हा ती भिंत फोडतील आणि मला बाहेर काढतील. त्याचं मला फारसं दुःख नाही. नवं यंत्र माझ्याहून चांगलं असेल, त्याचा शिकाऊही जास्त हुशार असेल. त्यांची नीट काळजी घ्या, खोली कोरडी ठेवा, वेळेवर दुरुस्ती करा.

पण एक गोष्ट त्यांनाही दिसणार नाही, म्हणून सांगून ठेवतो. माणसाच्या अंगातलं मला दिसतं, त्याच्या घरातलं दिसत नाही. संध्याकाळी त्याच्याजवळ कोण बसतं, प्रेमानं काय उगाळून लावतं, हे कुठल्याच चित्रात येत नाही. ते त्यालाच विचारावं लागतं. तुमच्यातली कुणी मोठेपणी डॉक्टर होतील, कुणी माझ्यासारखी यंत्रं बनवतील, कुणी शिकाऊला शिकवतील. समोरचं माणूस लाजत लाजत काही सांगू लागलं, तर त्याला बोलू द्या आणि हसू नका. जाईबाईंना एकदा कुणी हसलं म्हणून त्या गप्प बसल्या, आणि एकदा कुणी हसलं नाही म्हणून वाचल्या.